रुई म्हणजे कोणती रुई? चांदूर रेल्वेच्या धुऱ्यावरचा इतिहास

पीएचडीच्या पहिल्या वर्षी चांदूर रेल्वेच्या फलाटावर बडनेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कायचा अभ्यास करतं वं पोरी?" मी ऐटीत सांगितलं, "रुईचा." त्यांचा चेहरा खुलला. "मंग तं जिनातच काम लागन तुह्यं!"

वऱ्हाडात रुई म्हणजे सरकी काढल्यावर उरतो तो कापूस, ज्याच्या गठाणी बांधतात. ज्या गावाच्या नावातच रेल्वे आहे आणि ती रेल्वे जिथे कापसासाठी आली, तिथे दुसरा अर्थ कोणाच्या डोक्यात येणार? मी म्हटलं, "ती नाही आबाजी, धुऱ्यावरची. चीक निघतो ती." आजोबा हसले. "थे कायले शिका लागते? थे तं आपोआप येते. लावली नाही कोनं, खाल्ली नाही कोनं."

तेव्हा मला ते वाक्य गमतीचं वाटलं. आता चार वर्षांनी वाटतं, की माझ्या प्रबंधाच्या इतिहासावरच्या प्रकरणाचा सारांश त्यांनी फुकटात दिला होता. आजचा लेख त्या प्रकरणाबद्दल आहे. तुमच्यापैकी अनेक जण 'पेट'ची तयारी करताय, काहींचा सिनॉप्सिस लिहून होतोय. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इतिहासात का शिरावं, हा प्रश्न मलाही आरआरसीसमोर विचारला गेला होता. एका सदस्यांनी त्याआधी वेगळाच प्रश्न टाकला: "म्हणजे तुम्ही तण वाढवण्यावर पीएचडी करणार?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर शेवटी एकच निघालं, पण ते मला त्या दिवशी देता आलं नाही.

आधी वनस्पतीची ओळख. आपल्याकडे रुईच्या दोन जाती दिसतात. कॅलोट्रोपिस जायगँशिया ही मोठी. तिच्या जांभळट किंवा पांढऱ्या पाकळ्या पसरलेल्या, मागे झुकलेल्या असतात. कॅलोट्रोपिस प्रोसेरा थोडी लहान, पाकळ्या पेल्यासारख्या उभ्या आणि टोकाला गडद जांभळ्या. दोन्ही बहुवर्षायू, दोन्ही इथल्याच. मूळ खोल जातं, वरून तोडली तरी खालून पुन्हा फुटते, गुरं तोंड लावत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात धुऱ्यावर बाकी सगळं करपलेलं असतं तेव्हा रुई फुललेली असते. परागण करणाऱ्या कीटकांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. चांदूर ते मालखेड या पट्ट्यात भर उन्हात फिरलात तर एवढं मोठं झुडूप, भरपूर मध असलेलं आणि पाणी न मागणारं, दुसरं फारसं सापडत नाही.

लोकांच्या व्यवहारात तिची जागा विचित्र आहे. शनिवारी मारुतीला पानांची माळ. पायात काटा मोडला की चीक. पाय मुरगळला की पान तापवून शेक. तिसरं लग्न अशुभ मानणाऱ्या घरात नवऱ्याचं लग्न आधी रुईशी लावण्याची जुनी रीत, अर्कविवाह. एवढं सगळं असूनही अंगणात मात्र कोणी मुद्दाम लावत नाही. गरज पडली की धुऱ्यावर जायचं आणि तोडून आणायची. म्हणजे ती रानातही नाही आणि घरातही नाही, मधल्या जागेत आहे. तिचा इतिहास हा त्या मधल्या जागेचा इतिहास आहे, आणि हे कळायला मला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं का लागली? कारण शोधशब्द चुकला. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत मी 'रुई' शोधत होते आणि हाती येत होता कापूस. नंतर लक्षात आलं की साहेबांच्या कागदात ही वनस्पती 'मुदार', 'मदार', 'आक', 'येरकम' अशा नावांनी येते. वनस्पतीच्या इतिहासावर काम करायचं असेल तर पहिल्या आठवड्यात एक तक्ता करा: शास्त्रीय नाव, ते कधी बदललं, आणि प्रत्येक भाषेत, प्रत्येक काळात लोक काय म्हणत होते. मी तो तिसऱ्या वर्षी केला.

छापील पुस्तकांत हिचा माग केरळपासून लागतो. डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याने स्थानिक वैद्यांच्या मदतीने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा 12 खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात काढला. त्याच्या दुसऱ्या खंडात रुई 'एरिक्कू' या मल्याळम नावाने, चित्रासकट आहे. लिनियसने 1753 मध्ये तिला अॅस्क्लेपियस या प्रजातीत टाकलं. अमेरिकेतले मिल्कवीड ज्या प्रजातीत येतात, तीच ही. मग 1810 मध्ये रॉबर्ट ब्राऊनने तिला वेगळं काढून 'कॅलोट्रोपिस' नाव दिलं. ग्रीक शब्द आहेत: सुंदर, आणि नावेचा कणा. फुलाच्या मधोमध जो पंचकोनी मुकुट असतो, त्याच्या पाच कमानींकडे बाजूने पाहा, नावेच्या तळासारख्या दिसतात.

आता रॉबर्ट ब्राऊन म्हटलं की आपल्याला ब्राउनियन गती आठवते, आणि पेशीकेंद्रक. 'पेशीकेंद्रकाचा शोध, रॉबर्ट ब्राऊन, 1831' हे आपण दहावीपासून पाठ म्हणतोय. पण तो निबंध कशावर होता? ऑर्किड आणि रुईच्या कुळातल्या फुलांत फलन कसं होतं, त्यावर! कीटकांनी आणलेले पराग पुढे काय करतात हे बघताना त्याला पेशींमध्ये तो गोल ठिपका पुन्हा पुन्हा दिसत गेला आणि त्याने त्याला नाव दिलं. नेटच्या परीक्षेत हे कोणी विचारणार नाही. मला मात्र हे वाचल्यावर रात्री झोप आली नव्हती. ज्या कुळाला आपण तण म्हणतो, त्या कुळातल्या फुलांसमोर बसलेल्या माणसाने जीवशास्त्राचा पायाचा शब्द दिला.

तो ज्या प्रश्नाने अडला होता, तो खरोखर अवघड आहे. बहुतेक फुलांत पराग पिठीसारखे सुटे असतात, कीटकाच्या अंगाला लागतात. रुईत तसं नाही. पराग मेणासारख्या दोन चपट्या पिशव्यांत बांधलेले असतात, आणि त्या दोन पिशव्या मधे एका चिमट्याने जोडलेल्या. मुकुटाच्या दोन कमानींमध्ये एक अरुंद फट असते. कीटक मध प्यायला बसला, पाय सटकून फटीत गेला आणि त्याने तो ओढला, की चिमटा पायाच्या केसांना धरतो आणि जोडी बाहेर येते. पुढच्या फुलावर तोच पाय पुन्हा फटीत गेला तर पिशवी आत अडकून तुटते, आणि परागण झालं. म्हणजे कुलूप-किल्लीच. किल्ली म्हणून लहान माशी चालत नाही. तिचा पाय अडकतो आणि ताकद कमी पडली तर तिथेच मरते. मी फुलांत अडकलेल्या अशा लहान माश्या पाहिल्या आहेत. लागतो तो दणकट कीटक, म्हणजे आपला काळा भुंगा, झायलोकोपा. हान्स-एरिक वान्टॉर्प या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1974 मध्ये श्रीलंकेतल्या मोठ्या रुईवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही फूल आणि भुंग्याच्या मापाचा हाच मेळ दिसतो. सुरुवात करणाऱ्यांनी तो जरूर मिळवून वाचावा. निरीक्षण कसं लिहायचं ते कळतं.

आता वऱ्हाडात येऊ.

1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, मँचेस्टरचा कापूस अडला आणि सगळ्यांच्या नजरा इकडे वळल्या. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळवरून वऱ्हाडातून पुढे सरकत 1867 मध्ये नागपूरला पोचला. आमचं चांदूर 'चांदूर रेल्वे' झालं ते त्या रुळामुळे. उत्तरेकडचं दुसरं चांदूर बाजारामुळे 'चांदूर बाजार'. 1860 च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक हा खास कापूस आयुक्त नेमलेला होता. 1870 च्या मार्चमध्ये खामगावच्या रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एका पिकासाठी एवढा थाट!

या सगळ्यात जमिनीचं काय झालं, हे लक्ष्मण सत्या यांच्या 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' (1997) या पुस्तकात सविस्तर आहे. पडीक आणि चराऊ जमीन मोठ्या प्रमाणावर नांगराखाली आली, गुरांचं कुरण आटलं, आणि शतकाच्या शेवटी दुष्काळाने त्याची किंमत वसूल केली. सत्या यांचा रोख माणसं आणि गुरं यांच्यावर आहे. मी ते पुस्तक वाचताना समासात एक प्रश्न लिहून ठेवला होता: कुरण गेल्यावर रानफुलं कुठे गेली?

माझं उत्तर (आणि इथून पुढे माझा तर्क आहे, तुम्ही जरूर खोडा) असं की ती धुऱ्यावर आली. शेताशेताची हद्द पक्की झाली, तसा दोन शेतांमधला तो दोन-तीन हात रुंदीचा पट्टा नांगरातून सुटला. वखर तिथवर जात नाही, डवरा तिथे वळतो. बैल वळवायला, भाकरी खायला, बोर-बाभूळ ठेवायला तो पट्टा लागतोच. त्या पट्ट्यावर, आणि रेल्वेच्या भरावावर, रुईला हवी तशी जागा मिळाली: ऊन भरपूर, स्पर्धा कमी, गुरांचा त्रास नाही. बी हलकं, त्याला रेशमी कापूस. एक बोंड उकललं की वाऱ्यावर बी कुठल्या कुठे. म्हणजे ज्या कापसाने कुरण खाल्लं, त्याच कापसाच्या शेतीने धुऱ्याच्या रूपात थोडी मधली जागा शिल्लकही ठेवली. कोणी ठरवून ठेवली नाही. पण आजोबा म्हणाले तेच: लावली नाही कोणी, खाल्ली नाही कोणी. आणि काढलीही नाही कोणी, हे मी त्यात घालेन.

इंग्रजांनी रुईकडे पाहिलं नाही असं नाही. फॉर्ब्स रॉयलने 1855 मध्ये भारतातल्या धाग्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, त्यात मुदारच्या सालीच्या धाग्याला मानाचं स्थान आहे. जॉर्ज वॅटच्या आर्थिक उत्पादनांच्या कोशातही (1889 ते 1893) ती आहे: धागा, बीवरचा कापूस, चीक, औषधी साल. धागा खरंच चिवट असतो, पण सालीपासून सोडवायला फार कष्ट. बीवरचा कापूस गुळगुळीत आणि ठिसूळ, एकट्याचं सूत नीट निघत नाही. त्यामुळे व्यापार जमला नाही आणि साहेब पुन्हा पऱ्हाटीकडे वळले. पण या पानांमध्ये फुलावर कोण येतं, हा प्रश्न मला दिसला नाही. वनस्पती म्हणजे माणसाला तिच्यातून काय काढता येईल, एवढीच नोंद. जुनी कागदपत्रं वाचताना हे सतत लक्षात ठेवावं लागतं, की नोंद नाही म्हणजे गोष्ट नव्हती असं नाही. विचारणारा नव्हता.

विचारणारे आले ते पिकांच्या बाजूने. आल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड यांनी बिहारमधल्या पुसा इथे भारतीय पिकांच्या परागणावर काम केलं, त्याचा अहवाल 1919 चा. हेच आल्बर्ट हॉवर्ड पुढे इंदूरच्या कंपोस्टसाठी गाजले. मग 1931 मध्ये नागपूरच्या महता आणि दवे यांनी तुरीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तुरीत आपोआप संकर किती होतो हा त्यातला एक मुद्दा. तो संकर करणारे कोण, तर भुंगे आणि मोठ्या रानमाश्या. म्हणजे जो भुंगा मे महिन्यात रुईवर असतो, त्याचीच जात हिवाळ्यात तुरीच्या पिवळ्या फुलांवर दिसते. मधल्या काळात त्याला घर हवं, वाळकं लाकूड किंवा बांबू, आणि उन्हाळ्यात मध हवा. धुरा दोन्ही देत होता. हे दोन धागे, तुरीचा आणि रुईचा, जुन्या कागदपत्रांत मला कुठे एकत्र सापडले नाहीत. माझ्या प्रबंधाची जागा तिथे आहे. 'रिसर्च गॅप' हा शब्द मला आवडत नाही, पण असेलच तर तो असा दिसतो: दोन कपाटांत ठेवलेल्या दोन फायली.

फुलपाखरांची गोष्ट थोडक्यात सांगते, तिच्यावर वेगळा लेख होईल. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातल्या ई. ए. डी'अब्रू यांनी 1931 मध्ये मध्य प्रांताच्या फुलपाखरांची यादी छापली. 2011 मध्ये विदर्भाची नवी यादी आली, त्यात 167 जाती आहेत. त्यातलं रुईशी बांधलेलं फुलपाखरू म्हणजे बिबळ्या कडवा: नारिंगी, टोकाला काळं-पांढरं, आरामात उडणारं. मादी रुईच्या पानांवर एकेक अंडं घालते, अळी पान खाते आणि चिकातली विषारी द्रव्यं अंगात साठवते. म्हणून पक्षी त्याला टाळतात आणि म्हणूनच ते घाई करत नाही. 'कडवा' हे नाव ज्याने दिलं त्याला दाद द्यायला हवी.

मग बदल झाला तो आमच्या डोळ्यांसमोर. धुरा दोन बाजूंनी आटला. एक म्हणजे वाटण्या: शेत लहान झालं की दोन हातांचा पट्टाही डोळ्यात येतो. दुसरं तणनाशक. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, हे खरं आहे. माझ्या घरीही तेच आहे. 10 जून 2019 ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कपाशीचं बियाणं जाहीरपणे पेरलं, त्यामागे हीच अडचण होती. त्या आंदोलनाबद्दल तुमचं मत काहीही असो, पऱ्हाटीवर तणनाशक चालायला लागलं की पंप घेऊन माणूस धुऱ्यावरही चार फवारे मारतो. कुऱ्हाडीने तोडलेली रुई पुन्हा फुटत होती. ग्लायफोसेट मुळापर्यंत जातं.

अमेरिकेत हीच गोष्ट आधी घडून गेली आहे. तिथल्या मोनार्क फुलपाखराची अळी मिल्कवीडवर जगते. मका-सोयाबीनच्या तणनाशक-सहनशील जाती आल्या आणि प्लेझंट्स व ओबरहाउजर यांच्या 2013 च्या निबंधानुसार 1999 ते 2010 या काळात मध्य-पश्चिम भागातलं मिल्कवीड 58 टक्क्यांनी घटलं, मोनार्कची पैदास 81 टक्क्यांनी. आता तिथे लोक परसात, रस्त्याच्या कडेला मिल्कवीड मुद्दाम लावतात. तण होतं ते रोप झालं.

आपल्याकडे हा उत्साह येताना एक गडबड होते. फुलपाखरू उद्यानासाठी रोपवाटिकेत मागणी केली की बऱ्याचदा हळदकुंकू मिळतं, लाल-पिवळ्या फुलांचं, अॅस्क्लेपियस क्युरासाव्हिका. ते मूळ अमेरिकेचं. बिबळ्या कडवा त्यावरही अंडी घालतो, त्यामुळे फोटो छान येतात. पण त्याचं फूल लहान, आमच्या भुंग्याच्या मापाचं नाही. स्थानिक झाड कोणतं, हा प्रश्न यादी बघून सुटत नाही. त्या झाडावर कोण कोण पोसलं जातं ते बघावं लागतं. उलटंही खरं आहे: आपली प्रोसेरा रुई उत्तर ऑस्ट्रेलियात आणि ईशान्य ब्राझीलमध्ये उपद्रवी तण म्हणून पसरली आहे. तिथे तिला कोणी लावू नये.

तर, मी रुई लावली. तालुक्यातल्याच एका ओळखीच्या काकांच्या धुऱ्यावर. पहिल्या पावसाळ्यात फांद्या लावल्या. काळ्या जमिनीत पाणी साचलं आणि बहुतेक सडल्या. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात उकललेल्या बोंडांचं ताजं बी घेतलं, कापूस काढून उंच पिशव्यांत लावलं. उंच यासाठी की मूळ सरळ खाली जातं, छोट्या पिशवीत ते वळतं आणि मग रोप धरत नाही. पावसाच्या सुरुवातीला, धुऱ्याच्या उंच, मुरमाड भागात रोपं हलवली. एकमेकांपासून दोन हात. पहिल्या हिवाळ्यानंतर पाणी दिलं नाही. आणि एक सूचना आहे, हसण्यावारी नेऊ नका: तोडताना चष्मा घाला. चीक डोळ्यात गेला तर सुरुवातीला फार दुखत नाही, पण दिसणं अंधुक होतं. पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरकडे जावं लागतं.

काकांचा आक्षेप वेगळाच होता, आणि चांगला होता. "पिठ्या ढेकूण आला होता तवा सांगत होते धुरे साफ ठेवा म्हनून. आता तू म्हनतं झाडं लाव. कोनाचं ऐकू?" पिठ्या ढेकूण गाजरगवतासारख्या अनेक तणांवर राहतो आणि तिथून कपाशीवर येतो, हे खरंच आहे. रुईवर मावा येतो तो पिवळा, तिच्याच कुळावर जगणारा. रंगीबेरंगी नाकतोडाही मुख्यतः तिचाच. पण 'रुईमुळे पऱ्हाटीला काहीच होणार नाही' असं मी त्यांना लिहून देऊ शकत नव्हते. माझ्याकडे आकडे नव्हते. म्हणून प्रयोगाचा आराखडा बदलला: आता दर पंधरा दिवसांनी मी रुईवरचे भुंगेच नाही, तर दोन्ही बाजूंच्या पहिल्या पाच तासांमधल्या पऱ्हाटीवरच्या किडीही मोजते. गाईडनी विचारलं, एवढं काम वाढवून का घेतलंस? मी काकांचं वाक्य सांगितलं. त्यांनी सही केली.

आरआरसीतल्या त्या दोन प्रश्नांचं उत्तरही मला त्याच धुऱ्यावर मिळालं. रुईला तण कोणी आणि कधी ठरवलं हे न तपासता तिच्यावर प्रयोग केला असता, तर मी फक्त भुंगे मोजले असते आणि काकांना सांगायला माझ्याकडे काही नसतं.

काकांनी एक अट घातली आहे. रुई पूर्वेच्या धुऱ्यावरच राहील, बैल वळतात त्या बाजूला नाही, आणि पुढच्या हंगामात किडींचे आकडे त्यांना आधी दाखवायचे, मग विद्यापीठाला. पहिली फुलं गेल्या मार्चमध्ये आली. आठवड्याभराने एक भुंगा आला, त्याच्या मागच्या पायाला पिवळसर काहीतरी लोंबत होतं. फोटो हलला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पुन्हा गेले, तर काका तिथे आधीच बसले होते, चहाची कपबशी हातात. "बस," म्हणाले, "तो आत्ताच येऊन गेला."